कोनांच्या जोड्या: आधी रेषा बघा, मग कोन

आठवी-नववीतल्या मुलाला विचारा, "व्युत्क्रम कोन म्हणजे कोणते?" दोन आडव्या रेषा, त्यांना छेदणारी एक तिरकी रेषा, अशी आकृती काढून तो लगेच दाखवेल. मग त्याच्यासमोर समलंब चौकोन ठेवा, त्यात एक कर्ण काढा आणि विचारा, "यातले कोणते दोन कोन सारखे?" आता तो डोळ्यांना सारखे वाटतात ते कोन सांगायला लागतो. व्याख्या पाठ आहे, पण ती एकाच आकृतीला चिकटलेली आहे. आकृती फिरवली, रेषा अर्ध्यावर तोडली किंवा वर एखादा त्रिकोण ठेवला की ओळख हरवते.

बालभारतीच्या पुस्तकांत हा विषय सातवी ते नववी असा तीन वर्षांत विखुरलेला आहे. सातवीत जोड्यांची नावं, आठवीत समांतर रेषा आणि छेदिका, नववीत सिद्धता. त्यामुळे तीन वर्षांची मिळून पंधरा-वीस नावं डोक्यात जमतात, पण त्यांच्यातलं नातं कोणी सलग दाखवत नाही. खरं तर मुळाशी दोनच गोष्टी आहेत: सरळ रेषेवरचे कोन मिळून १८०° होतात, आणि समांतर रेषांना छेदिका सारख्याच तिरकेपणाने छेदते. बाकी सगळं या दोहोंतून निघतं.

वाचता वाचता काढून बघायचं आहे, म्हणून एकरेघी वही, पट्टी, कोनमापक, दोन गुण्ये, दोन रंगीत पेन्सिली आणि बटर पेपरचा एक तुकडा जवळ ठेवा.

कोन वाचायचा कसा

एका बिंदूतून निघालेले दोन किरण कोन बनवतात. तो बिंदू म्हणजे शिरोबिंदू आणि ते किरण म्हणजे भुजा. कोनाचं माप म्हणजे एका भुजेवरून दुसरीवर जायला किती वळावं लागतं ते. भुजा वहीभर लांबवल्या तरी वळण तेवढंच राहतं. हे सगळ्यांना पटतं, पण आकृतीत एका कोनाच्या भुजा आखूड आणि दुसऱ्याच्या लांब दिसल्या की लांब भुजांचा कोन मोठा वाटतोच. म्हणून डोळ्यांवर भिस्त नको.

नाव वाचताना मधलं अक्षर महत्त्वाचं. कोन पकर म्हणजे शिरोबिंदू क, एक भुजा प कडे जाणारी आणि दुसरी र कडे. कोन रकप म्हटलं तरी कोन तोच. एका शिरोबिंदूपाशी दोन-तीन कोन असतील तर नुसतं "कोन क" लिहू नका. तपासणाऱ्याला कोणता कोन ते कळत नाही, आणि दोन ओळींनंतर आपल्यालाही कळत नाही.

कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून सुरू होणारी आणि दुसरी उजवीकडून. ६०° च्या जागी १२०° वाचला जातो तो इथेच. मोजण्याआधी कोन काटकोनापेक्षा लहान आहे की मोठा एवढं नुसतं पाहून ठरवा. लहान असेल तर लघुकोन, म्हणजे ९०° पेक्षा कमी आकडा घ्यायचा. मोठा असेल तर विशालकोन, म्हणजे ९०° आणि १८०° च्या मधला. भुजा कोनमापकाच्या कडेपर्यंत पोचत नसेल तर पट्टीने हलकी वाढवून घ्या.

सरळ रेषेवरचे १८०°

एक रेषा काढा. तिच्यावर कुठेही बिंदू घ्या आणि त्यातून रेषेच्या एका बाजूला किरण काढा. दोन कोन झाले. त्यांचा शिरोबिंदू एक, मधली भुजा सामाईक आणि बाहेरच्या दोन भुजा मिळून सरळ रेषा. ही रेषीय जोडी. तिची बेरीज १८०° असते, कारण बाहेरच्या एका भुजेवरून दुसरीवर जाणं म्हणजे अर्धी फेरी. एक कोन ११८° असेल तर दुसरा ६२°. किरण दोन काढले तर कोन तीन होतील, तरी बेरीज तीच. ते २क्ष, ३क्ष आणि ४क्ष असे दिले असतील तर ९क्ष = १८०, म्हणून क्ष = २० आणि कोन ४०°, ६०°, ८०°. बिंदूभोवती पूर्ण फेरी मारली तर ३६०°.

पूरक कोन आणि रेषीय जोडी यांत गल्लत होते. दोन कोनांची बेरीज १८०° असेल तर ते पूरक. मग एक कोन या पानावर आणि दुसरा पुढच्या पानावर असला तरी चालतो. रेषीय जोडीतले कोन मात्र शेजारीच असावे लागतात. म्हणजे रेषीय जोडीतले कोन नेहमी पूरक, पण पूरक कोन दरवेळी रेषीय जोडीत नसतात. बेरीज ९०° असेल तर ते कोटिकोन. हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करणाऱ्यांनी इथे जपावं, कारण हिंदीत ९०° च्या जोडीला पूरक म्हणतात आणि १८०° च्या जोडीला संपूरक.

यावर परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: "एका कोनाचा पूरक कोन त्याच्या कोटिकोनाच्या तिप्पट आहे, तर तो कोन किती?" कोन क्ष मानला तर पूरक कोन १८० − क्ष आणि कोटिकोन ९० − क्ष. १८० − क्ष = ३(९० − क्ष), यावरून २क्ष = ९० आणि क्ष = ४५. एकदा मांडून बघितलं की लक्षात येतं, कोणत्याही लघुकोनाचा पूरक कोन त्याच्या कोटिकोनापेक्षा बरोबर ९०° नी मोठा असतो. उत्तर ताडून बघायला हे उपयोगी पडतं: १३५ आणि ४५, फरक ९०.

विरुद्ध कोन

दोन रेषा एकमेकींना छेदल्या की चार कोन होतात आणि समोरासमोरचे सारखे असतात. ग्रीक परंपरेत या शोधाचं श्रेय थेल्सला देतात. हा नियम पाठ करायची गरज नाही, दोन ओळींत मिळतो. चार कोनांना फेरीने अ, ब, क, ड म्हणा. अ आणि ब रेषीय जोडीत आहेत, म्हणून अ + ब = १८०. ब आणि क सुद्धा रेषीय जोडीत, म्हणून ब + क = १८०. दोन्हींत ब तोच, म्हणून अ = क. सरळ रेषेच्या १८०° पलीकडे काहीही वापरलेलं नाही.

एका कोनावर (३क्ष + १०)° आणि दुसऱ्यावर (५क्ष − ३०)° असं लिहिलेलं आहे. समीकरण काय? आकृती बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. ते विरुद्ध कोन असतील तर ३क्ष + १० = ५क्ष − ३०, म्हणून क्ष = २० आणि दोन्ही कोन ७०°. ते शेजारी असतील तर बेरीज १८०, म्हणून ८क्ष − २० = १८०, क्ष = २५ आणि कोन ८५° व ९५°. दोन्ही उत्तरं व्यवस्थित पूर्णांकात येतात, त्यामुळे उत्तराच्या सुबकपणावरून चूक लक्षात येणार नाही. दोन्ही कोनांच्या भुजा कोणत्या रेषांवर आहेत हे बोट ठेवून बघायचं. एका कोनाच्या दोन्ही भुजा पुढे वाढवल्यावर दुसऱ्या कोनाच्या भुजा मिळतात का? मिळत असतील तरच ते विरुद्ध कोन.

चौकोनाच्या समोरासमोरच्या कोनांना विरुद्ध कोन म्हणू नका. ते संमुख कोन, आणि ते सारखे असतीलच असं नाही.

समांतर रेषा आणि छेदिका

एकरेघी वहीतल्या रेघा समांतर असतात. त्यांतल्या दोन पट्टीने ठळक करा, मध्ये चार-पाच रेघांचं अंतर ठेवा. वरची रेषा ल, खालची म. आता दोन्हींना छेदणारी तिरकी रेषा काढा, ती छेदिका. वरच्या छेदनबिंदूभोवती डाव्या-वरच्या कोनापासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे १, २, ३, ४ असे क्रमांक द्या. खालच्या छेदनबिंदूभोवतीही डाव्या-वरच्या कोनापासूनच सुरू करून ५, ६, ७, ८.

वरच्या छेदनबिंदूवर बटर पेपर ठेवून तिथल्या चारही कोनांची फुली गिरवा. मग कागद न वळवता छेदिकेवरून खाली सरकवा. फुली खालच्या छेदनबिंदूवर नेमकी बसते. म्हणजे १ वर ५, २ वर ६, ३ वर ७ आणि ४ वर ८. आपापल्या छेदनबिंदूपाशी एकाच जागी बसलेल्या या जोड्या म्हणजे संगत कोन.

बाकीच्या जोड्या आता विरुद्ध कोन आणि रेषीय जोडी वापरून काढता येतात. कोन १ आणि ३ विरुद्ध, १ आणि ५ संगत, म्हणून ३ आणि ५ सारखे. दोन रेषांच्या मधले आणि छेदिकेच्या उलट बाजूंचे हे आंतरव्युत्क्रम कोन. तशीच ४ आणि ६ ची जोडी. रेषांच्या बाहेरच्या बाजूला १ आणि ७, २ आणि ८ हे बाह्यव्युत्क्रम कोन, तेही सारखे. आता ३ आणि ६ बघा. दोन्ही मध्ये, पण छेदिकेच्या एकाच बाजूला. २ आणि ३ ची बेरीज १८०, २ आणि ६ सारखे, म्हणून ३ आणि ६ ची बेरीज १८०. हे आंतरकोन. यांची फक्त बेरीज १८०° असते, छेदिका काटकोनात नसेल तर ते सारखे नसतात. मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती याच जोडीत.

थोडक्यात, आठ कोनांत मापं दोनच. एक कोन ६५° असेल तर चार कोन ६५° चे आणि चार ११५° चे. दोन कोन दिले असतील तर दोघंही लघुकोन आहेत का, किंवा दोघंही विशालकोन आहेत का, बघा. असतील तर सारखे. एक लघु आणि एक विशाल असेल तर बेरीज १८०. नाव आठवलं नाही तरी उत्तर चुकणार नाही. नाव लागतं ते कारण लिहायला. छेदिका काटकोनात असेल तर प्रश्नच मिटला, आठही कोन ९०°.

रेषा समांतर नसतील तर? वहीत दोन सरळ रेषा मुद्दाम एकमेकींशी थोड्या तिरक्या काढून बटर पेपर सरकवा. फुली बसत नाही. तरीही कोन १ आणि ५ यांना संगत कोनच म्हणतात. नाव जागेवरून मिळतं, मापाचा नियम समांतरतेमुळे लागू होतो. "संगत कोन आहेत म्हणून सारखे" हे अपुरं कारण आहे. "रेषा ल आणि रेषा म समांतर, म्हणून संगत कोन सारखे" हे पूर्ण. प्रश्नात समांतर असल्याचं सांगितलंय का, किंवा रेषांवर बाणाच्या खुणा आहेत का, हे आधी शोधा. डोळ्यांना समांतर दिसणं धरायचं नाही.

उलटा प्रवासही चालतो. संगत कोन सारखे निघाले, किंवा व्युत्क्रम कोन सारखे निघाले, किंवा आंतरकोनांची बेरीज १८०° भरली, तर रेषा समांतर. गुण्याने समांतर रेषा काढतो तेव्हा हेच करतो: पट्टी स्थिर ठेवून गुण्या तिच्या कडेने सरकवायचा. पट्टी ही छेदिका, गुण्याचा कोन हा संगत कोन, आणि तो बदलत नाही म्हणून रेषा समांतर येतात.

इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने या दोन दिशा वेगळ्या ठेवल्या होत्या. "कोन सारखे, म्हणून रेषा समांतर" हे त्याने आपलं प्रसिद्ध पाचवं गृहीतक (छेदिकेच्या ज्या बाजूला आंतरकोनांची बेरीज १८०° पेक्षा कमी, त्या बाजूला वाढवलेल्या रेषा भेटतात) न वापरता सिद्ध केलं. "रेषा समांतर, म्हणून कोन सारखे" यासाठी मात्र त्याला ते वापरावंच लागलं, आणि त्याच्या 'एलेमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातल्या २९ व्या प्रमेयात ते पहिल्यांदा आलं. मुलांना हा फरक किचकट वाटतो तो उगाच नव्हे. त्या गृहीतकाला इतर गृहीतकांवरून सिद्ध करायच्या खटपटीत गणिती दोन हजार वर्षं अडकून होते.

छेदिका ओळखायची युक्ती

आता सुरुवातीच्या समलंब चौकोनाकडे येऊ. माझ्या मते या विषयातलं खरं कौशल्य एवढंच आहे, आणि ते एका पेन्सिलीने येतं.

समलंब चौकोन अबकड काढा. अब वरची बाजू, डक खालची, आणि या दोनच समांतर. मग कर्ण अक काढा. प्रश्न असा: कोन बअक आणि कोन डकअ सारखे आहेत का?

एका रंगाने कोन बअक च्या दोन्ही भुजा गिरवा: अब आणि अक. दुसऱ्या रंगाने कोन डकअ च्या भुजा गिरवा: कड आणि कअ. अक वर दोन्ही रंग पडले. दोनदा गिरवली गेलेली रेषा म्हणजे छेदिका. उरलेल्या दोन रेषा, अब आणि कड, समांतर असतील तरच नियम लागतो. इथे त्या समांतर दिलेल्या आहेत. दोन्ही कोन त्यांच्या मध्ये आणि कर्णाच्या उलट बाजूंना आहेत, म्हणून आंतरव्युत्क्रम, म्हणून सारखे.

आता कोन डअक आणि कोन बकअ घ्या. गिरवल्यावर दोनदा रंगलेली रेषा पुन्हा अक, पण उरलेल्या रेषा अड आणि बक. त्या समांतर असल्याचं कुणी सांगितलेलं नाही. म्हणून हे कोन सारखे म्हणता येत नाहीत, दिसायला कितीही सारखे असोत. हाच चौकोन समांतरभुज असता तर म्हणता आले असते.

आकृती कितीही गुंतागुंतीची असो, पद्धत तीच. दोन कोन, चार भुजा. दोन भुजा एकाच रेषेवर आहेत का? असतील तर ती छेदिका, आणि मग बाकीच्या दोघींच्या समांतरतेचा पुरावा शोधायचा. एकही रेषा सामाईक नसेल तर थेट संबंध नाही, मध्ये तिसरा कोन घ्यावा लागेल.

कधी छेदिकाच अर्धवट असते. वर रेषा ल, खाली तिला समांतर रेषा म. ल वरच्या बिंदू प पासून एक रेषाखंड उजवीकडे खाली बिंदू क पर्यंत येतो, आणि क पासून दुसरा डावीकडे खाली म वरच्या र पर्यंत जातो. प पाशी रेषेच्या उजव्या भागाशी कोन ४०°, र पाशी रेषेच्या उजव्या भागाशी कोन ३५°. कोन पकर किती? गिरवून बघितलं तर एकही रेषाखंड दोन्ही समांतर रेषांना भेटत नाही. अशा वेळी क मधून ल ला समांतर अशी तिसरी तुटक रेषा काढायची. तिच्यामुळे क पाशी कोनाचे दोन तुकडे होतात. वरचा तुकडा प च्या कोनाशी आंतरव्युत्क्रम, म्हणून ४०°. खालचा र च्या कोनाशी आंतरव्युत्क्रम, म्हणून ३५°. कोन पकर ७५°. प्रश्न अडला की आपली एक समांतर रेषा टाकून बघायची, ही सवय पुढे दहावीतही उपयोगी पडते.

या एका नियमावर मोजलेली पृथ्वी

व्युत्क्रम कोनांचा मला माहीत असलेला सर्वांत देखणा उपयोग इ.स.पू. तिसऱ्या शतकातला आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस याला ठाऊक होतं की दक्षिणेकडच्या सायीनी गावात, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो. त्याच वेळी अलेक्झांड्रियात उभ्या काठीची सावली पडते. तिथे सूर्यकिरण आणि काठी यांतला कोन पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७.२° भरला.

इथे समांतर रेषा म्हणजे सूर्यकिरण. सूर्य इतका दूर आहे की दोन्ही गावांत येणारे किरण समांतर मानता येतात. सायीनीचा किरण खाली वाढवला तर तो थेट पृथ्वीच्या केंद्रात जातो. अलेक्झांड्रियातली काठी खाली वाढवली तर तीही केंद्रात जाते. ही वाढवलेली काठी म्हणजे छेदिका. काठीच्या टोकाशी किरणासोबत होणारा कोन आणि केंद्रापाशी होणारा कोन हे आंतरव्युत्क्रम, म्हणून केंद्रापाशीही ७.२°. दोन गावांमधलं अंतर ५,००० स्टेडिया (स्टेडिया हे अंतराचं जुनं ग्रीक माप) धरलेलं होतं. ते परिघाचा पन्नासावा भाग, म्हणून परीघ २,५०,००० स्टेडिया.

हा प्रयोग आपल्या गच्चीवर करता येतो. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर डोक्यावर असतो. म्हणजे सायीनीच्या जागी विषुववृत्त, आणि काठी व किरण यांतला कोन म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश. एक मीटर काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत राहा. सर्वांत आखूड सावली घ्यायची. ती घड्याळातल्या बाराला पडत नाही. पुण्यात मार्चमध्ये ती पाऊण वाजण्याच्या सुमारास येते, कारण आपलं घड्याळ ८२.५° पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. पुण्यात ही सावली ३३-३४ सेंमी भरते. कागदावर १० सेंमीची उभी रेघ आणि तिच्या पायथ्याशी काटकोनात ३.३ सेंमीची आडवी रेघ काढून टोकं जोडा आणि वरचा कोन कोनमापकाने मोजा. १८° च्या आसपास येईल. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५° आहे. नागपूरकरांना २१° च्या जवळ आणि पणजीकरांना १५.५° च्या जवळ आकडा मिळायला हवा.

त्रिकोणाचे १८०°

कागदाचा त्रिकोण कापून तिन्ही कोपरे फाडून एकमेकांना लावायचा प्रयोग शाळेत झालेला असतो. कोपरे सरळ रेषेत बसतात. छान दिसतं, पण ती सिद्धता नाही. कोनमापकाने मोजलं तर कधी १७९ येतात, कधी १८१. बेरीज नेमकी १८० का, हे समांतर रेषा सांगते.

त्रिकोण अबक मध्ये वरच्या अ मधून बक ला समांतर रेषा काढा. अ पाशी त्या रेषेवर आता तीन कोन आहेत. डावीकडचा कोन ब शी आंतरव्युत्क्रम, उजवीकडचा कोन क शी आंतरव्युत्क्रम, मधला त्रिकोणाचा स्वतःचा कोन अ. तिघं मिळून सरळ रेषेवर, म्हणून १८०°. मुळाशी असलेल्या दोन्ही गोष्टी इथे एकत्र आल्या. समांतर रेषांचा आधार काढून घेतला तर हा नियम टिकत नाही. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत दोन रेखावृत्तं काढा. विषुववृत्तापाशीच दोन काटकोन झाले, ध्रुवावरचा कोन वेगळाच.

बाजू बक पुढे ड पर्यंत वाढवली तर कोन अकड हा त्रिकोणाचा बाह्यकोन. त्याच्या शेजारचा सोडून उरलेले दोन, अ आणि ब, हे त्याचे दूरस्थ आंतरकोन, आणि बाह्यकोन त्यांच्या बेरजेइतका असतो. बाह्यकोन १२०° आणि दूरस्थ आंतरकोन १ : २ प्रमाणात असतील तर ते ४०° आणि ८०°. तिसरा कोन काढून मग १८० मधून वजा करत बसायची गरज नाही.

उत्तर लिहिताना

प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण हवं, आणि कारणात रेषांची नावं हवीत. एक सिद्धता पूर्ण लिहून बघू. यात आतापर्यंतचं जवळजवळ सगळं येतं.

पक्ष: रेषा ल आणि रेषा म समांतर. छेदिका त्यांना अनुक्रमे प आणि क मध्ये छेदते. छेदिकेच्या उजवीकडच्या दोन आंतरकोनांचे दुभाजक ट मध्ये मिळतात.

साध्य: कोन पटक = ९०°.

सिद्धता: प पाशी उजवीकडचा आंतरकोन + क पाशी उजवीकडचा आंतरकोन = १८०° (रेषा ल आणि म समांतर, आंतरकोन).
दोन्ही बाजूंना २ ने भागून, कोन टपक + कोन टकप = ९०° (पट आणि कट हे दुभाजक).
त्रिकोण पटक मध्ये, कोन टपक + कोन टकप + कोन पटक = १८०° (त्रिकोणाच्या कोनांची बेरीज).
म्हणून ९०° + कोन पटक = १८०°, म्हणजेच कोन पटक = ९०°.

छेदिका किती तिरकी हे कुठेही विचारलेलं नाही, म्हणून ती कशीही काढली तरी ट पाशी काटकोनच येतो. आता डावीकडच्या आंतरकोनांचेही दुभाजक काढा. ते जिथे मिळतील तो बिंदू स. चौकोन पटकस आयत आहे हे सिद्ध करायचंय. ट आणि स पाशी काटकोन मिळालेलेच आहेत, प आणि क पाशी रेषीय जोडीतल्या दोन कोनांचे दुभाजक आहेत. मग छेदिका काटकोनात काढून बघा, त्या आयताच्या बाजू मोजा, आणि जे दिसेल त्याची कारणं याच पद्धतीने लिहून काढा.